जांभ्याखालचं पाणी: गोव्यात भूजलाचा भूभौतिकतज्ज्ञ व्हायचं असेल तर

वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गोव्यात मे महिन्यात टँकर का फिरतात, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल आणि नुसत्या हळहळीवर तुमचं समाधान झालं नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. भूजल शोधणारा भूभौतिकतज्ज्ञ जमीन न खणता तिच्या पोटात काय आहे याचा अंदाज बांधतो. जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजणं, चुंबकीय क्षेत्रातले बारीक फरक टिपणं, कंपनलहरी किती वेगाने जातात ते पाहणं, ही त्याची साधनं. यातलं कुठलंही यंत्र 'पाणी' मोजत नाही. ते खडकाचा एखादा गुणधर्म मोजतं, आणि त्यावरून पाण्यापर्यंत पोहोचायचं काम माणसाचं. बीएस्सी करत असलेल्या, नुकतीच संपवलेल्या किंवा दुसऱ्या क्षेत्रातून इकडे वळू पाहणाऱ्या गोव्यातल्या मुलामुलींनी कुठून सुरुवात करावी ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी गोव्याची जमीन वाचायला शिका

यंत्र हातात घेण्याआधी हेच. गोव्याचा बराचसा भाग जांभ्याने झाकलेला आहे. पर्वरी, ताळगाव, वेर्णा, मोपा ही सगळी जांभ्याची पठारं. जांभा सच्छिद्र असतो, पाऊस पटकन पितो आणि तितक्याच पटकन सोडून देतो. त्याच्याखाली बहुतेक ठिकाणी पांढरट, गुलाबी किंवा पिवळसर चिकण मातीचा थर लागतो. मूळ खडक कुजून झालेली ही माती पाणी धरून ठेवते, पण सोडत नाही. तिच्याखाली अर्धवट कुजलेला, भेगाळलेला खडक आणि मग घट्ट पाषाण. हा पाषाण म्हणजे बहुतेक करून गोवा समूहाचे धारवाडी रूपांतरित खडक. काही ठिकाणी ग्रॅनाइटी नाइस आणि ईशान्येला सत्तरीच्या बाजूला दख्खनचा काळा बसाल्टही. खडकांचा कल, म्हणजे थर ज्या दिशेला लांबवर पसरलेले असतात ती दिशा, मुख्यतः वायव्य-आग्नेय आहे. सर्वेक्षणाची रेषा कुठल्या दिशेला टाकायची हे ठरवताना याची पदोपदी गरज लागते, म्हणून तो कायम लक्षात असू द्या.

हे समजून घेण्यासाठी पणजीत आल्तिनोच्या पायथ्याशी जा. बोक द व्हाक आणि मळ्यातली फोंत फेनिक्स हे दोन्ही झरे टेकडीच्या पायाशी आहेत. टेकडीवर पडलेला पाऊस जांभ्यातून खाली उतरतो, कमी पाझरणाऱ्या थरावर अडतो आणि उताराला वाट काढून बाहेर येतो. पठारावरची बांय (विहीर) एप्रिलात कोरडी पडते आणि त्याच पठाराच्या पायथ्याचं कुळागर मे महिन्यातही हिरवं असतं, त्यामागचं कारण बहुतेक वेळा हेच. पठारावर बांधकाम झालं, चिरेखाण खणली किंवा झाडी गेली की पायथ्याचा झर का आटतो, तेही यातूनच कळतं.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत गोवा ४८ ई आणि ४८ आय या पत्रकांत येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' संकेतस्थळावर भूशास्त्रीय नकाशे मोफत मिळतात. केंद्रीय भूजल मंडळाचे जलधर-नकाशांकनाचे (पाणी धरणारे थर कुठे आहेत ते दाखवणारे) अहवालही वाचा. हे सगळं क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून स्वतःच्या तालुक्याचा नकाशा तयार करा. मुलाखतीत 'तुम्हाला काय येतं' या प्रश्नाला गुणपत्रिकेपेक्षा हा नकाशा जास्त चांगलं उत्तर देतो.

शिक्षण

बारावीला विज्ञान, गणित घेऊनच. गणिताला घाबरणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे प्रत्येक पायरीवर अडखळायला होतं, हे मी आडपडदा न ठेवता सांगतो. बीएस्सीला दोन वाटा आहेत: भौतिकशास्त्र किंवा भूविज्ञान. गोव्यात मिरामारच्या धेंपे महाविद्यालयात आणि मडगावच्या चौगुले महाविद्यालयात भूविज्ञान शिकता येतं. भौतिकशास्त्रवाल्यांना गणित सोपं जातं, पण खडक हातात दिला की ते गप्प होतात. भूविज्ञानवाल्यांचं नेमकं उलट. जे कमी असेल ते सुटीत भरून काढा.

पदव्युत्तर पातळीवर गोवा विद्यापीठात उपयोजित भूविज्ञान आहे. भूभौतिकी हाच मुख्य विषय हवा असेल तर बाहेर जावं लागतं: आयआयटी मुंबई, आयआयटी रुरकी, धनबादची आयआयटी (आयएसएम), बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबादचं उस्मानिया. आयआयटींसाठी जॅम परीक्षा द्यावी लागते. उन्हाळी प्रकल्पासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत प्रयत्न जरूर करा. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेने कठीण खडकातल्या भूजलावर भरपूर काम केलं आहे. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था घराजवळ आहे. तिथला भर सागरी भूभौतिकीवर असला तरी आकडे हाताळायची शिस्त तिथेही शिकता येते.

पहिला सराव: गावच्या विहिरी

यंत्र विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. मोजपट्टी, पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा हातातला मीटर आणि वही, एवढ्यावर खूप काही होतं. गावातल्या विहिरींची यादी करा. प्रत्येकीची खोली, कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर, कठड्याची जमिनीपासूनची उंची (ही वजा करायला नवशिके हमखास विसरतात), विहिरीच्या भिंतीत वरून खाली कुठला थर किती जाड दिसतो आणि पाण्याची वाहकता, सगळं लिहून ठेवा. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं. तुम्हाला निदान मे आणि नोव्हेंबर एवढं तरी जमवता येईल. या दोन नोंदींतला फरक पावसाने जमिनीत किती पाणी भरलं ते सांगतो.

विहिरीची भिंत हा फुकट मिळालेला उभा छेद आहे. पुढे यंत्राने जे आकडे येतील ते ताडून पाहायला याच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही. आणि विहिरीकडे जाताना घरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. "काका, ही बांय कधी आटली होती?" एवढं विचारलं की भाटातल्या पाण्याचा सगळा इतिहास समोर येतो.

विद्युत रोध सर्वेक्षण: जमिनीवर नेमकं काय करायचं

भूजलाच्या कामात सगळ्यांत जास्त वापरली जाते ती रोधकतेची पद्धत. रोधकता म्हणजे खडक विजेला किती अडवतो त्याचं माप. चार सळया जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन, ए आणि बी, यांतून प्रवाह सोडायचा. आतल्या दोन, एम आणि एन, यांच्यातला विभवांतर मोजायचा. श्लुंबर्जे मांडणीत मध्यबिंदू जागचा हलवायचा नाही. ए-बी दर वेळी लांब नेत जायचं. अंतर वाढलं की प्रवाह खोल जातो आणि खालच्या थरांची खबर येते.

एक उदाहरण करून पाहू. मध्यापासून ए २० मीटरवर आणि एम २ मीटरवर आहे. मांडणीचा गुणक = ३.१४ × (२०² − २²) ÷ (२ × २), म्हणजे साधारण ३११. प्रवाह ५० मिलिअँपिअर, विभवांतर १५ मिलिव्होल्ट, म्हणजे रोध ०.३ ओहम. ३११ ला ०.३ ने गुणलं की ९३ ओहम-मीटर ही भासमान रोधकता, म्हणजे तिथल्या सगळ्या थरांची मिळून दिसणारी. असा एकेक बिंदू दोन्ही बाजूंनी लॉग असलेल्या आलेखकागदावर तिथल्या तिथे मांडत जा. हे संगणकावर नंतर करू, असं म्हणू नका. वक्रात एकच बिंदू दात काढून वर आला तर सळई सैल आहे, वायर कुठे तरी सोललेली आहे किंवा आकडा चुकीचा लिहिला आहे. हे मैदानात असतानाच कळलं तर दुरुस्त होतं, घरी गेल्यावर नाही.

नवशिक्यांचा सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे मध्यापासून ए जितकं दूर तितकी खोली दिसते. खोली साधारण ए-बी च्या पूर्ण अंतराच्या पाचव्या हिश्श्याइतकीच धरावी. ६० मीटर खोल पाहायचं तर ३०० मीटरची सरळ रेषा मोकळी हवी. गोव्यातल्या वाड्यांत अशी रेषा मिळणं म्हणजे कसरत. मध्ये गडगे येतात, घरं येतात, व्हाळ येतो. म्हणून आदल्या दिवशी रेषा स्वतः चालून बघा. ती शक्यतो खडकाच्या कलाला समांतर घ्या. उभ्या भेगेचा शोध असेल तर मात्र कलाला आडवी जाणारी रेषा हवी. विजेच्या तारा, लोखंडी कुंपण आणि जमिनीतली पाइपलाइन यांच्यापासून लांब राहा. धातूची पाइप रेषेला समांतर असेल तर तुम्ही खडकाऐवजी पाइप मोजत असता.

एप्रिल-मे मधला सुका जांभा सळईला दाद देत नाही. सळई आत जात नाही, आणि गेली तरी प्रवाह जेमतेम वाहतो. बादलीभर मिठाचं पाणी सोबत ठेवा, सळईच्या बुडाशी ओता, थोडं थांबा आणि मग वाचन घ्या. तरीही जमलं नाही तर एकाच जागी दोन-तीन सळया ठोकून त्या एकमेकींना जोडा. पाणी फक्त सळईच्या बुडाशीच. रेषेभर ओघळ गेला की वाचन बिघडतं.

आणखी एक. ए-बी मधून जाणारा दाब शेकडो व्होल्टचा असू शकतो. दोन्ही टोकांना माणूस उभा हवा, पोरं आणि गुरं दूर हवीत आणि 'सोडतो' असा आवाज दिल्याशिवाय बटण दाबायचं नाही. वळवाचे ढग गडगडायला लागले की काम बंद. लांबच लांब तार जमिनीवर पसरलेली असताना वीज पडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. मालक कितीही घाई करो, यात तडजोड नको.

अर्थ लावणं, आणि गोव्यातला नेहमीचा सापळा

आयपीआय२विन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वक्र घातला की थरांची जाडी आणि रोधकता मिळते. द्विमितीय छेदासाठी रेस२डिनव्ह चालतं. मोफत हवं असेल तर रेसआयपी आहे. ही साधनं आठवडाभरात हाताळता येतात. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते.

पठारावरचा ठरावीक वक्र असा दिसतो: सुरुवातीला कोरडा जांभा, कित्येक शे ते हजारो ओहम-मीटर. मग वक्र खाली घसरतो आणि दोन आकडी ओहम-मीटरवर येतो. मग घट्ट खडक लागला की पुन्हा चढतो. नवशिका तळाच्या त्या खळग्याकडे बोट दाखवून म्हणतो, इथे पाणी आहे. गोव्यात तो खळगा बहुतेक वेळा जांभ्याखालची चिकण माती असते. ती ओली असते, म्हणून वीज सहज जाते. पण पंपाला तिच्यातून काही मिळत नाही. बोअर मारली तर चिखल येतो आणि भोक ढासळतं. ज्याची आपल्याला गरज आहे तो भेगाळलेल्या खडकाचा पट्टा त्या मातीच्या खाली असतो, आणि त्याची रोधकता मातीपेक्षा जास्त, घट्ट खडकापेक्षा कमी. दोन ठळक थरांच्या मध्ये सापडलेला असा पातळ थर वक्रात दिसेलच असं नाही. तो झाकला जातो. सॉफ्टवेअर तो आपणहून दाखवणार नाही.

यावर उपाय काय? एकाच वक्रावर निर्णय द्यायचा नाही. जवळच्या विहिरीत किंवा जुन्या बोअरमध्ये माती कुठे संपली ते शोधायचं आणि ती जाडी मॉडेलमध्ये पक्की करून मग उरलेला भाग सोडवायचा. शेजारी दोन-तीन ठिकाणी सर्वेक्षण करून वक्राचा चढ कुठे हळू होतो ते पाहायचं. घट्ट खडकाकडे जाणारा चढ रेंगाळतो तिथे भेगांची शक्यता जास्त. कलाला आडव्या रेषेवर चुंबकीय किंवा व्हीएलएफ (अतिमंद वारंवारतेच्या रेडिओलहरींवर चालणारं) वाचन घेऊन भेगेचा किंवा काळ्या दगडाच्या भित्तीचा (खडकात भिंतीसारख्या घुसलेल्या पट्ट्याचा) माग काढायचा. दोन वेगळ्या गुणधर्मांनी एकच जागा दाखवली की मग 'पॉइंट', म्हणजे बोअरची जागा, देण्याइतका आधार मिळतो.

किनाऱ्यावर हिशेब बदलतो. कोलवा-बाणावलीच्या पट्ट्यात वाळू आहे, पाणी उथळ आहे, आणि धोका खाऱ्या पाण्याचा. गोडं पाणी हलकं म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी, असं घायबेन-हर्झबर्गचं सूत्र सांगतं. आता उलट बाजूने वाचा: उपसा करून पातळी अर्धा मीटर उतरवली तर खारं पाणी २० मीटर वर सरकू पाहतं. किनाऱ्यालगत खोल बोअर मारून जोरात उपसणं किती महाग पडतं ते या एका आकड्यात आहे. खाजन जमिनीत (खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या सखल जमिनीत) आणखी एक पेच: खारं पाणी आणि चिकण गाळ दोन्ही कमी रोधकता दाखवतात. तिथे जवळच्या विहिरीची वाहकता भरतीला आणि ओहोटीला वेगवेगळी मोजल्याशिवाय अहवाल लिहू नये.

डिचोली, सांगे, सत्तरीच्या खाणपट्ट्यात काम मिळालं तर खाणीचा खड्डा भूजल पातळीच्या खाली गेला होता का, तो उपसला जायचा का, आता त्यात पाणी साठलंय का, हे आधी तपासा. आजूबाजूच्या विहिरींचं वागणं त्यावर ठरतं. लोहखनिजामुळे चुंबकीय वाचनही तिथे सहज फसवतं.

अहवाल, परवानगी आणि बोअरच्या दिवशी हजर राहणं

गोव्यात २००२ चा भूजल नियमन कायदा आहे. नवीन विहीर किंवा बोअर खणायला भूजल अधिकाऱ्याची परवानगी लागते, असलेल्या विहिरींची नोंदणी करावी लागते. हे काम जलस्रोत खात्यातून चालतं. भरतीरेषेजवळच्या उपशावर सागरी किनारा नियमनाचीही बंधनं आहेत. मालकाला हे पहिल्या भेटीतच सांगा. 'आधी मारू, मग बघू' म्हणणाऱ्याचं काम घेऊ नका.

गावागावांत तुमच्या आधी पाणाड्या येऊन गेलेला असतो. त्याच्याशी भांडायची गरज नाही. त्याने दाखवलेल्या जागेवरही सर्वेक्षण करा आणि जे दिसेल ते लिहा. घरची आजी विचारेल, "बाय, पाणी नक्की लागेल ना?" 'नक्की' हे उत्तर कधीही देऊ नका. शक्यता किती, कुठल्या खोलीवर, किती खोलीनंतर थांबायचं आणि हे कशावरून म्हणतोय, एवढं साध्या मराठीत किंवा कोकणीत सांगा. 'इथे बोअर मारू नका, असलेली बांय साफ करून पावसाचं पाणी तिच्याकडे वळवा' हा सल्लाही पूर्ण फी घेण्याजोगा आहे. माझ्या मते गोव्यात तो आज जितका दिला जातो त्याहून खूप जास्त वेळा द्यायला हवा.

बोअर मारतात त्या दिवशी तिथे उभे राहा. दर रॉडला बाहेर येणारा चुरा पिशवीत भरून खोली लिहा. माती कुठे संपली ते बघून केसिंग (भोक ढासळू नये म्हणून घालायचा पाइप) घट्ट खडकापर्यंत उतरवायला लावा, नाही तर वरची माती काही महिन्यांत आत येते. पाणी लागलं की ते ९० अंशांच्या व्ही-खाचेतून वाहू द्या. खाचेवरून ५ सेंटिमीटर पाणी जात असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर. मग आपला अहवाल काढून शेजारी ही नोंद लिहा: अंदाज काय होता, निघालं काय. अशा जोडनोंदींची वही जितकी जाड, तितके तुमचे पुढचे अंदाज धारदार.

नोकरी आणि धंदा

सरकारी वाट संघ लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून जाते. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूभौतिकतज्ज्ञ आणि केंद्रीय भूजल मंडळात शास्त्रज्ञ 'बी' (भूभौतिकी) म्हणून निवड होते. वयाची अट २१ ते ३२, राखीव प्रवर्गांना सवलत. प्राथमिक परीक्षा ४०० गुणांची, मुख्य ६०० ची, मुलाखत २०० ची. गट 'अ' चं मूळ वेतन स्तर १० प्रमाणे ५६,१०० रुपयांपासून. जागा मोजक्या असतात आणि नेमणूक देशात कुठेही होऊ शकते. गोव्याचं काम मंडळाच्या बंगळूरच्या प्रादेशिक कार्यालयाकडे आहे. संशोधनात जायचं तर सीएसआयआर-यूजीसी नेटचा भूविज्ञान विषय.

खाजगीत नुसत्या पाण्यावर पहिल्या दिवसापासून पोट भरेलच असं नाही. पूल, बोगदे आणि इमारतींच्या पायासाठी खडक किती खोल आहे ते भूकंपलहरींच्या अपवर्तन पद्धतीने मोजणं, अर्थिंगसाठी जमिनीची रोधकता काढून देणं, ही कामं त्याच हातांनी होतात आणि महिन्याचा खर्च निघतो. सुरुवातीला एखाद्या अनुभवी सल्लागाराकडे निदान दोन उन्हाळे वायर ओढा. यंत्र भाड्याने मिळतं. पहिल्याच वर्षी कर्ज काढून विकत घेऊ नका.

फी ठरवताना ती सर्वेक्षणाची ठरवा. 'पाणी लागलं तर दुप्पट, नाही लागलं तर काही नको' असा व्यवहार गावात सर्रास सुचवला जातो आणि मोहही होतो. त्यात अडकलात की कोरड्या जागेला कोरडी म्हणणं तुम्हाला परवडेनासं होतं. बोअर ठेकेदाराकडून प्रत्येक पॉइंटमागे मिळणारं कमिशनही याच कारणासाठी नाकारा. अर्धी रक्कम रेषा टाकण्याआधी घ्या, उरलेली लेखी अहवाल हातात देताना, आणि बोअरच्या दिवशी हजर राहण्याची फी त्याच पावतीत वेगळी लिहा.